पाट्या वाचणारा मुलगा आणि पाटीवरचं नाव

मैत्रिणींनो, १ ऑगस्टला आमच्या बुलडाणा जिल्ह्यात शाळेत एक कार्यक्रम असतो आणि वस्तीत दुसरा. शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि वस्तीत अण्णा भाऊ साठेंची जयंती. सकाळी शेंगांच्या टरफलांचं भाषण करून आलेली मुलं संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्याजवळ गर्दी करतात. आता बऱ्याच शाळांत दोन्ही फोटो एकाच टेबलावर ठेवतात, हे चांगलंच झालं.

गेल्या वर्षीची गोष्ट. चिखली तालुक्यातल्या एका गावात आमचा महिला बचत गट आहे. तिथल्या बायकांनी जयंतीला बोलावलं होतं. पावसाची रिपरिप चाललेली, ताडपत्रीखाली खुर्च्या मांडलेल्या, फोटोला झेंडूचा हार. नववीतल्या एका मुलीनं छान भाषण केलं. पाठ केलेलं होतं, पण न अडखळता केलं. अण्णा भाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले, तरी त्यांनी तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, हे वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून तिच्या वडिलांचा आवाज आला. दीड दिवसात माणूस एवढा मोठा होते, मंग आमच्या पोरीले नववी लय झाली की! सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले.

घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. कारण ती थट्टा नव्हती. ते कुटुंब दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं. आई-वडील विटा थापतात, मग भाकरी टाकायला आणि धाकट्यांना सांभाळायला मोठी मुलगी लागते. शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववी आली की मुलगी कायद्याच्या कुंपणाबाहेर येते आणि नेमकी तिथेच शाळा सुटते. आमच्या कामात हे आम्ही दरवर्षी बघतो. पण त्या दिवशी पहिल्यांदाच एका मोठ्या माणसाच्या आयुष्याचा आधार घेऊन शाळा सोडवली जात होती. म्हणून ठरवलं, की या दीड दिवसाची खरी गोष्ट आधी आपण नीट समजून घ्यायची आणि मग गटात सांगायची.

समजून घ्यायची म्हणते, कारण मलाही ती नीट ठाऊक नव्हती. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, पण अण्णा भाऊंचं एकही पुस्तक त्या तीन वर्षांत माझ्या हातात आलं नाही. शाहीर होते, एवढंच माहीत. लहानपणी शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा. ढोलकी वाजली की आमची आजी टीव्ही बंद करायला लावायची. तमाशाचे सिनेमे चांगल्या घरातल्या मुलींनी बघायचे नसतात, असा तिचा कायदा. त्या बंद केलेल्या सिनेमांमागे कधीकधी किती ताकदीची कादंबरी असते, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

अण्णा भाऊंचं मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. वडील भाऊराव, आई वालुबाई. घर मातंग समाजाचं. ब्रिटिश सरकारनं कायदा करून काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. त्या भागातल्या मांगवाड्यांवरही तो शिक्का बसला होता. पुरुषांनी सरकारदरबारी हजेरी द्यायची, गावात कुठंही चोरी झाली की आधी त्यांच्याकडेच बोट. कल्पना करा, मूल पाळण्यात आहे आणि सरकारच्या वहीत ते आधीच संशयित आहे.

अशा घरातला हा मुलगा शाळेत गेला. तिथं त्याच्या वाट्याला अक्षरं कमी आणि अपमान जास्त आला. शिक्षाही झाली. दुसऱ्या दिवशी अर्ध्यातूनच तो निघून आला, तो परत गेलाच नाही. तो दीड दिवस हा असा आहे. त्यानं शाळा सोडली असं आपण म्हणतो, पण खरं तर शाळेनं त्याला बाहेर ठेवलं. हा फरक त्या मुलीच्या भाषणात नव्हता, आणि भाषण लिहून देणाऱ्यांच्या लक्षातही आला नसावा.

१९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच हे कुटुंब गाव सोडून मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. आजही आमच्याकडची कुटुंबं डोक्यावर गाठोडी घेऊन भट्टीच्या ट्रकमध्ये चढतात, तेव्हा मला वालुबाई आठवतात. वाटेत चूल कुठं मांडली असेल, पोरांना काय घातलं असेल, हे कुणी लिहून ठेवत नाही.

मुंबईत या मुलानं पडेल ते काम केलं. कोळसे वेचले, हमाली केली, घरगडी झाला, लोकांची मुलं सांभाळली, पुढे गिरणीत लागला. आणि ही सगळी कामं करता करता तो वाचायला शिकला. कसा, तर रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती बघत बघत त्यानं अक्षरं लावली. तो काळच तसा होता. १९३१ साली पहिला बोलपट आला होता आणि मुंबईच्या भिंती सिनेमाच्या रंगीत कागदांनी भरून गेल्या होत्या. चित्र बघायचं, खाली काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारायचं आणि पुढच्या भिंतीवर तेच अक्षर ओळखायचं. सिनेमाचा नादही त्याला तिथंच लागला. शाळेनं दार लावून घेतलं, तर त्यानं भिंतीलाच पाटी केली. पण मैत्रिणींनो, यात किती वर्षं गेली असतील याचा हिशेब करा. दीड दिवस नव्हे, अख्खं लहानपण गेलं.

मध्ये काही काळ तो गावी परतला आणि नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशाच्या फडात रमला. ढोलकी, गण-गवळण, वग हे सगळं त्यानं तिथं आतून पाहिलं. फडात नाचणाऱ्या बाईला लोक रात्री डोक्यावर घेतात आणि सकाळी तिच्या सावलीलाही उभे राहत नाहीत, हेही पाहिलं. ते पुढे त्याच्या लिखाणात उतरलं.

पुन्हा मुंबई. माटुंग्याचा लेबर कॅम्प, कामगारांच्या सभा, कम्युनिस्ट पक्ष. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. आता तुकारामाचा अण्णा भाऊ झाला होता. पोवाडे, लावण्या, वग यांतून ते गिरणीकामगारांचं दुःख सांगू लागले. सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच खेळ लोकनाट्य म्हणून लोकांसमोर गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी लिहिलेल्या मैनेच्या लावणीनं सभा दणाणून जायच्या. नाट्यचळवळीमुळे बलराज साहनींसारखे सिनेमातले कलावंतही त्यांचे स्नेही झाले. संसार मात्र ओढगस्तीचाच राहिला. पहिलं लग्न कोंडाबाईंशी झालेलं, पुढे मुंबईत जयवंताबाईंची साथ मिळाली. घर म्हणजे घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडी. मोठमोठे लेखक टेबल-खुर्चीवर बसून लिहीत असतील, अण्णा भाऊंनी बरंचसं लिखाण त्या झोपडीत केलं.

मार्च १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, 'फकिरा' आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा आणि हजेरीच्या जाचाविरुद्ध उठलेला फकिरा हा त्यांच्या नात्यातलाच वीर. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं.

आणि १९६१ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. त्यांच्या 'वैजयंता' कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक गजानन जागीरदार, नायिका जयश्री गडकर. ज्या मुलानं सिनेमाच्या जाहिरातींवरून अक्षरं शिकली, त्याची कथा आता भिंतीवरच्या जाहिरातीत आली होती. १९६३ मध्ये 'फकिरा' पडद्यावर आला. एकूण सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. मराठीत फार थोड्या लेखकांच्या वाट्याला हे आलं.

कादंबरी पडद्यावर आणणं ही गोष्ट आपल्या मराठीला नवी नव्हती. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' वरून प्रभातनं १९३७ मध्ये 'कुंकू' काढला होता, म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न मनानं न मानणाऱ्या मुलीचा. १९५३ मध्ये अत्र्यांनी साने गुरुजींची 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या पडद्यावर आल्या तो काळ वेगळा होता. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात दोन वर्षांहून जास्त चालला आणि निर्मात्यांना तमाशापटाची वाट सापडली. लावणी असली की तंबू भरतो, हे गणित पक्कं झालं. 'वैजयंता' ही तमाशातल्या मुलीची गोष्ट. तिला लगेच मागणी आली यात नवल नाही.

कादंबरीचा सिनेमा करणं म्हणजे काय, हे मी गटात असं समजावलं. आपल्या घरात ज्वारी एकच असते. तिची भाकरी होते आणि लाह्याही होतात. लाह्या हलक्या, पांढऱ्याशुभ्र, जत्रेत पटकन खपतात. त्या वाईट नाहीत, नागपंचमीला देवालाही लागतात. पण रोजचं पोट भाकरीवर भरतं. पुस्तकात लेखक बाईच्या मनात शिरतो, ती रात्रभर काय विचार करत पडली होती ते दोन पानं सांगतो. पडद्यावर त्यासाठी एक चेहरा आणि एक मिनिट मिळतं. पुस्तक आठ दिवस पुरतं, सिनेमा अडीच-तीन तासांत संपवावा लागतो. मग काही माणसं गळतात, काही प्रसंग एकमेकांत मिसळतात आणि जिथं मन दाखवता येत नाही तिथं गाणं येतं. चांगला दिग्दर्शक असेल तर त्या गाण्यातून मनही दिसतं. नसेल तर नुसती ढोलकी उरते.

अण्णा भाऊंच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट सापडली. सातपैकी चार कादंबऱ्यांची नावंच पडद्यावर बदलली. 'आवडी' चा झाला 'टिळा लाविते मी रक्ताचा'. 'माकडीचा माळ' ची झाली 'डोंगरची मैना'. 'चिखलातील कमळ' चा 'मुरली मल्हारीरायाची' आणि 'अलगूज' चा 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. 'वैजयंता', 'फकिरा' आणि 'वारणेचा वाघ' तेवढे आपल्या नावानं राहिले. आता नाव बदललं तर काय बिघडलं, असं वाटेल. पण बघा. 'माकडीचा माळ' म्हटलं की अख्खा माळ डोळ्यांसमोर येतो, भटक्यांची पालं, त्यांची जनावरं, त्यांचे पंच, त्यांची भूक. मराठीत भटक्या-विमुक्तांचं जगणं कादंबरीत आणणाऱ्या पहिल्यावहिल्या पुस्तकांतलं हे एक. 'डोंगरची मैना' म्हटलं की माळ पुसला जातो आणि एक देखणी मुलगी तेवढी उरते. 'चिखलातील कमळ' मध्ये देवाच्या नावानं सोडलेल्या मुरळीची व्यथा आहे, तिला कमळ म्हणण्यात लेखकाचा सगळा जीव आहे. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे, सिनेमा बघून आलेल्या बाईला पुस्तक वाचावंसं वाटलं तरी ती कोणत्या नावानं शोधणार?

गटात हे सांगत होते तेव्हा एक सत्तरीच्या आजी मध्येच उठून बसल्या. 'डोंगरची मैना' म्या पाह्यला हाय, म्हणाल्या. लग्न होऊन नुकत्याच सासरी आलेल्या, तेव्हा यात्रेतल्या तंबूत पाहिला होता. मधे कनात, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. त्यांना अजून एक-दोन गाणी अर्धीमुर्धी येतात. मी विचारलं, आजी, ही गोष्ट अण्णा भाऊंनी लिहिली, ठाऊक होतं? त्या दचकल्याच. ज्या फोटोला दरवर्षी त्या हळद-कुंकू वाहतात, त्या माणसाचीच ही गोष्ट, हे त्यांना पन्नास वर्षांनी कळत होतं. मग त्या म्हणाल्या, सुरवातीले नावं येत होती ना बाई, तवा आम्ही चवाळं अंथरत होतो, पोरं निजवत होतो. नावं कोन वाचते? आन् वाचाले येते कोनाले?

मला हे वाक्य फार लागलं. पाट्या वाचून शिकलेल्या माणसाचं नाव पाटीवर आलं, पण ज्यांच्यासाठी तो लिहीत होता, त्या बायकांच्या डोळ्यांसमोरून ते नाव तसंच निघून गेलं. त्यात त्यांचा काय दोष? त्यांना कुणी दीड दिवससुद्धा शाळेत पाठवलं नव्हतं.

आणि अण्णा भाऊ किती लिहीत होते या बायकांबद्दल! नवरा गेल्यावर मुंबईच्या झोपडपट्टीत एकटी राहून स्वतःची लाज आणि कष्टाची भाकरी राखणारी 'चंदन'. जातीच्या भिंतीपलीकडे जीव लावणारी 'आवडी'. फकिराची आई राधा, नवरा मारला गेल्यावर मुलाला ताठ मानेनं वाढवणारी. त्यांच्या बायका रडतात, पण हात जोडून बसत नाहीत. आपल्याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा त्या काळच्या पुस्तकांत बायकांना कसं रंगवतात यावरही त्यांनी झोड उठवली होती. ताराबाईंना अण्णा भाऊंची चंदन वाचायला मिळाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला आपलं वाटतं.

चंदन पडद्यावर आल्याचं मला ठाऊक नाही. कदाचित तिच्या आयुष्यात लावणीला जागा नव्हती म्हणून असेल. काळ बदलला तसे आपले सिनेमेही बदलले, हे मात्र कबूल करायला हवं. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून २००९ मध्ये 'जोगवा' आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरून २०१० मध्ये 'नटरंग' आला. देवाला सोडलेल्यांचं आणि तमाशातल्या माणसाचं दुःख त्यांत नुसतं तोंडी लावायला नव्हतं. आता माझी मुलगी तमाशाचा सिनेमा बघते तेव्हा मी टीव्ही बंद करत नाही, शेजारी जाऊन बसते.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला मुंबईत गेले. पन्नाशीही गाठली नाही. शेवटची वर्षं आजारपणात आणि हलाखीत गेली. एवढे चित्रपट ज्याच्या कथांवर निघाले, त्या माणसाच्या घरात पैसा टिकला नाही. 'डोंगरची मैना' आणि 'मुरली मल्हारीरायाची' त्याच वर्षाच्या आगेमागे आले. 'वारणेचा वाघ' १९७० मध्ये आला, 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' १९७४ मध्ये, म्हणजे लेखक गेल्यानंतर. तिकिटाच्या रांगा लागत होत्या तेव्हा लिहिणारा हात थांबला होता. मान पुढे मिळाला. त्यांच्या नावानं १९८५ मध्ये विकास महामंडळ झालं, २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. पण चिरागनगरच्या त्या झोपडीत रॉकेलच्या उजेडात एखादी रात्र सुखाची गेली असती, तर तो मान जास्त मोलाचा ठरला असता.

ही सगळी गोष्ट मी दोन गुरुवारी गटात सांगितली. दुसऱ्या गुरुवारी त्या मुलीचे वडीलही दाराशी टेकून उभे होते. मी त्यांना काही उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, दादा, अण्णा भाऊंना शाळेनं ठेवलं नाही म्हणून त्यांना भिंती वाचत शिकावं लागलं, आणि त्यात निम्मं आयुष्य गेलं. आपल्या पोरीला शाळेनं ठेवलंय, तर आपण का काढायचं? ते काही बोलले नाहीत. तंबाखू मळत उभे राहिले आणि निघून गेले.

मग गावच्या वाचनालयातून 'माकडीचा माळ' आणला आणि त्या मुलीलाच मोठ्यानं वाचायला लावला. दर गुरुवारी हप्ते जमा झाले की वीस मिनिटं वाचन. पहिल्या दिवशी तिनं थेट पहिल्या प्रकरणाला हात घातला, तर आजींनी तिला थांबवलं. आधी नाव वाच म्हणे, बापाचं नाव वाच. तिनं कव्हर वर धरून कादंबरीचं नाव वाचलं, मग लेखकाचं. आजींनी कव्हरवरून बोट फिरवून बघितलं. त्या दिवसापासून नाव वाचल्याशिवाय आमचं वाचन सुरू होत नाही.

दिवाळी झाली. भट्टीचा ट्रक आला. ती मुलगी आजीपाशी राहिली आणि यंदा दहावीत आहे. इथं गोष्ट संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण भाकरी टाकायला कुणीतरी लागतंच, म्हणून तिच्या जागी सहावीतली धाकटी ट्रकमध्ये चढली. मी तिथंच उभी होते. तिनं मला हात केला. भट्टीच्या गावातल्या शाळेत तिचं नाव घालायला आम्ही धावपळ केली, चार-सहा दिवस ती गेलीही, पुढे नाही. यंदा मुलांसाठी गावातच राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून आम्ही अर्ज केले आहेत आणि उत्तराची वाट बघतो आहोत. तोवर एक मुलगी वाचवली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमच्या गावातूनही असे ट्रक जात असतील. त्यांत नववी-दहावीतली मुलगी दिसली तर एकदा चौकशी करा, तिच्या आजी-मावशीला विचारा, शाळेत कळवा. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागला, की सुरुवातीची नावं जाऊ देऊ नका. मूळ कथा कुणाची, ते बघा. घरात वाचता न येणारी सासू असेल, कामाला येणारी मावशी असेल, तर त्यांना ते नाव मोठ्यानं वाचून दाखवा. पोळ्या लाटता लाटता वाचलंत तरी चालेल.